नऊशे फुटांवरचं पाणी

१२ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार

आजपासून मी नोकरदार. मत्स्य महाविद्यालयातून पास होऊन दीड वर्ष झालं होतं आणि जळकोटला घरी बसून 'मग, सध्या काय चाललंय?' हे ऐकून ऐकून कान किटले होते. सकाळी आईने धपाटे बांधून दिले, उदगीरची एसटी पकडली आणि उदगीरच्या अलीकडे सहा किलोमीटरवर अण्णारावांच्या मळ्याच्या फाट्यावर उतरलो.

अण्णाराव म्हणजे बोलका माणूस. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून दहा वर्षं मोर्चे काढतायत. त्यांचं म्हणणं असं की नवा जिल्हा झाला की कलेक्टर येणार, एसपी येणार, त्यांचे बंगले होणार, आणि बंगला म्हटला की दिवाणखान्यात माशांची टाकी आलीच. जिल्ह्याचा अजून पत्ता नाही, पण पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस टाक्या तयार आहेत! सगळे सिक्लिड जातीचे मासे: कपाळावर टेंगूळ असलेले फ्लॉवरहॉर्न, थोराड ऑस्कर, आफ्रिकेतल्या मलावी तलावातले निळे-पिवळे. आख्ख्या शिवारात विहिरी कोरड्या, लोक टँकरमागे धावतायत, आणि यांच्याकडे डिसेंबरात नऊशे फुटांवर बोअरला पाणी लागलं. हात घालून पाहिला. कोमट आहे, आणि तांब्याच्या भांड्यासारखा वास येतो.

घरात तिघंच: अण्णाराव, त्यांच्या पत्नी केवळाबाई आणि मुलगा शिवमूर्ती. मला सगळे डॉक्टर म्हणतात. आईच्या कानावर गेलं तर गावभर पेढे वाटेल.

१४ फेब्रुवारी

मासे आजारी आहेत म्हणून तर मला बोलावलं. केवळाबाईंचं निदान आधीच झालेलं आहे. माशांना देवी आल्यात म्हणून प्रत्येक टाकीला कडुलिंबाचे डहाळे बांधलेत. हसू दाबताना पुरेवाट झाली.

माझं निदान: डोक्याला भोकं पडण्याचा रोग. डोळ्यांभोवती आणि कपाळावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, ते वाढत जातात. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. रंग काळवंडतो, खाणं सुटतं, आणि जो तो आपला कोपरा धरून बसतो. उपचार: खाण्यातून मेट्रोनिडाझोल, खडे मीठ, पाणी तीस अंशांवर, आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे स्वच्छ, बदललेलं पाणी. सहा फ्लॉवरहॉर्न वेगळ्या टाकीत हलवले. तिथे मुद्दाम टँकरचं पाणी भरलं.

शिवमूर्तीला मलावीची मादी दाखवली. ती अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, तीन-तीन आठवडे काही खात नाही. पिल्लं मोठी होऊन बाहेर खेळायला लागली तरी जरा धोका दिसला की तोंड उघडते, सगळी आत. फारच बिथरली तर गिळूनही टाकते. शिवमूर्तीने तिला शिवी घातली. मी म्हटलं, ती वाईट नसते, घाबरलेली असते.

आणखी एक. माझ्यासाठी ओसरीच्या टोकाला वेगळा माठ आहे, टँकरच्या पाण्याचा. घरची घागर आत असते, तिच्यात बोअरचं. केवळाबाई म्हणाल्या, "तुमाला बोरचं सोसायचं न्हाई, डाक्टर." काल आडनाव विचारलं आणि पाचव्या मिनिटाला माठ आला, हे मला समजत नाही असं त्यांना वाटतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि नातू दोन हजार सोळा साली हा माठ बघतोय. तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी दोन दिवसांची आहे, त्याच माठातलं पाणी प्यायलो.

२३ फेब्रुवारी

सहाही फ्लॉवरहॉर्न ठणठणीत झाले होते. परत जुन्या टाकीत सोडले तर चार दिवसांत पुन्हा खड्डे. औषध तेच, खाणं तेच. फरक फक्त पाण्याचा. अण्णारावांना सांगितलं की बोअरचं पाणी तपासायला लातूरला पाठवू. ते एकदम उसळले. माझ्या पाण्याला नाव ठेवायचं न्हाई, म्हणाले. इतका हसरा माणूस, त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली मी पहिल्यांदा पाहिली.

सातव्या टाकीत ऑस्करच्या नराने मादीला मारलं. आधी दोघांचे जबडे एकमेकांत अडकले होते. सिक्लिड असेच लढतात, तोंडाला तोंड लावून. सोडवेपर्यंत तिचा खालचा ओठ गेला होता.

६ मार्च

टँकरवाल्याने चुकून बांधावर चाक घातलं. शिवमूर्तीने त्याला खाली ओढून लोखंडी पाइपने मारलं. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला शेडमध्ये ऐकू आला. मी मध्ये पडलो तर मलाही खांद्यावर एक बसला. मारून झाल्यावर तो चाकाची खूण पायाने पुसत राहिला, बराच वेळ. टँकर आता येणार नाही. माझ्या माठात तीन दिवसांचं पाणी आहे.

१० मार्च

अण्णारावांची मुलगी सिंधुताई बाळंतपणाला माहेरी आली. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली, नवरा पुण्यात. माझा माठ कालपासून कोरडा. मला बाटली घेऊन फाट्याकडे निघालेलं पाहून तिने विचारलं, आणि कारण कळल्यावर आईला काय बोलली ते इथे लिहीत नाही. इतकं पोट घेऊन ओसरीवर गेली, माठ उचलला आणि अंगणात आपटला. मग घरच्या घागरीतून स्वतःच्या हाताने पाणी दिलं. "दादा, आजपासून हितूनच प्यायचं," म्हणाली.

प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं. कोमट होतं, तरी इतकं गोड पाणी मी आजवर प्यायलो नाही.

१८ मार्च

केवळाबाईंच्या कुंकवाच्या बाजूला एक खड्डा आहे. छोटा, कडा स्वच्छ. रक्त नाही. मी विचारलं तर पदर पुढे ओढला.

अण्णाराव घरातही पटका सोडत नाहीत. आज त्यांनी अंगणात चुन्याची रेघ मारली. अलीकडे त्यांचं, पलीकडे शिवमूर्तीचं. कुत्रं रेघ ओलांडून आलं. शिवमूर्तीने त्याचं जे केलं, ते मी फावड्याने गोळा करून पुरलं. रात्रीचं जेवण सगळ्यांनी आपापल्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून घेतलं. सिंधुताई माझ्याकडे बघत होती. मी उद्या तिला घेऊन जायचं ठरवलं.

१९ मार्च

फाटकाला कुलूप. अण्णाराव तिथे बसलेत, मांडीवर पाइप. माझा मोबाईल त्यांनी दगडाने ठेचला.

२५ मार्च, दुपार

बाप-लेक बोअरपाशी भिडले. हात नाही उचलले. नुसतं तोंड — एकमेकांचे जबडे तोंडात धरून गोल गोल फिरत होते. मोटर चालू. पाणी लाल. मी फावड्याच्या दांड्याने सोडवायला गेलो, सुटेनात.

शिवमूर्ती मेला. अण्णारावांनी त्याला ओढत नेऊन रेघेपलीकडे टाकलं. त्यांचा पटका सुटला होता. डोक्याला सात भोकं. मी मोजली, सवयीने.

सिंधुताईच्या कळा सुरू झाल्यात.

२५ मार्च, संध्याकाळ

तेच खड्डे, शिवमूर्तीच्या केसांखालीसुद्धा. तोच रोग. तिघांनाही, आणि मला का नाही? काय वेगळं केलं मी?

माठ.

ज्या माठाचा मला एवढा राग आला, त्याने मला वाचवलं. आणि ज्या घागरीने मला माणसात घेतलं, ती — पंधरा दिवस झाले. राग कुणावर काढू?

२६ मार्च, सकाळ

मुलगी झाली. माशांच्या डॉक्टरने केलं बाळंतपण. दोघी जिवंत आहेत. सिंधुताईने उशाखाली लपवलेला तिचा मोबाईल आज माझ्या हाती लागला, चार्जिंग दोन टक्के. उदगीरची अँब्युलन्स लातूर रस्त्याला गेलीय, यायला दीड तास. पोलीसही येतायत. फोन बंद पडला.

केवळाबाई खिडकीच्या गजांना तोंड लावून उभ्या. तोंड उघडतं, मिटतं. उघडतं, मिटतं. आवाज नाही.

सिंधुताईने पोर माझ्याकडे दिलं. म्हणाली, "दादा, तिला माझ्यापाशी नका ठेवू. तिचा वास आला की मला भूक लागायलीय." मग मला सांगितलं, बाहेरून कडी लावा. लावली. आत रडतेय.

दीड तास पोर सांभाळायचं. एवढंच. एवढं मला जमेल.

नंतर

शेडमध्ये. आतून अडसर. पोर धडप्यात गुंडाळलेलं, किती गरम. झोपलीय.

अण्णाराव पत्र्यावर पाइप घासत फिरतायत. एक चक्कर. दुसरी.

सिंधुताई आणि मी एकाच दिवसापासून पितोय. हे आत्ता लक्षात आलं.

कानशिलाला हात लावला. बोटाचं टोक आत गेलं. दुखत नाही.

पण मला कळतंय. कळतंय म्हणजे मी बरा आहे. मी डॉक्टर. मला भूक नाही. तिचा वास येतो तेव्हा भूक नाही लागत, फक्त जपावंसं वाटतं. फार जपावंसं. जबडा दुखतोय —

सायरन. फाट्यावर. नाही, जवळ.

काहीतरी धडपडलं, अण्णाराव ओरडले, मग गप्प. बूट. पुष्कळ बूट. पत्रा ठोकतायत. दार उघडा म्हणतायत, आम्ही न्यायला आलोय म्हणतायत —

न्यायला. तिला न्यायला.

हातात ठेवलं तर हिसकावतील. टेबलाखाली दिसेल. टाकीत नाही, पाणी वाईट आहे.

डोकं किती लहान तिचं.

फक्त ते जाईपर्यंत. धरून ठेवायचं, एवढंच. गिळणार नाही. मी घाबरलेलो ना