अंगणातलं शेवाळ

७ ऑक्टो. २००३, मंगळ.
दुपारी क्लोनडॉकिनच्या हॉलमध्ये आयरिश बायकांचा योगाचा सहावा वर्ग. उष्ट्रासन घेतलं. गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं, हात टाचांवर. पुण्यात बाईंनी चार महिने नुसतं भुजंगासन करून घेतलं होतं, नंतर उष्ट्रासनातही कितीतरी दिवस हात कमरेवरून काढू दिले नव्हते. मी सहाव्या आठवड्यात काढायला लावले. बायकांना काहीतरी 'दिसणारं' हवं होतं. मलाही.
नोरीनचे हात टाचांपासून चार बोटं दूर राहिले. मी तिचे खांदे दाबले. जरासेच.
"दुखतंय?"
"ग्रँड, ग्रँड." इथं 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात.
चेहरा पांढरा पडला होता. मी पाहिला होता.

९ ऑक्टो.
नोरीन हॉस्पिटलात. कंबर. हॉलची चावी सांभाळणारी ब्रीजिट फोनवर म्हणाली, धुणं वाळत घालताना अंगणात घसरली म्हणे. मी म्हणाले, "अरेरे."
रात्री जेवताना नवऱ्याला खांदे दाबल्याचं सांगितलं. सतीश : "अगं, तीच म्हणतेय ना घसरले? मग तू कशाला ओढवून घेतेस?"
हायसं वाटलं. मग त्याचीच किळस आली.

१६ ऑक्टो.
ती घरी आली, भेटायला गेले. शिरा नेला. शिरा!
तिचा नवरा टॉम बाहेर होता. ती हळूच म्हणाली, "कंबर वर्गात गेली हे टॉमला कळलं तर तो वर्ग बंद पाडेल. मग मंगळवारी मी जाऊ कुठं? आणि कंबर आधीचीच आहे माझी. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."
बाई प्रत्येकीला आधी विचारायच्या. मला लाज वाटली विचारायची. की 'इंडियन आहे, हिला येतच असणार' हे फार आवडलं होतं?
निघताना पाहिलं, टॉम गुडघ्यांवर बसून अंगणातलं शेवाळ खरवडत होता. "उन्हाळ्यापासून सांगत होती बिचारी. माझीच चूक." हाताची सालं निघालेली.
मी म्हणाले, जपून.

२१ ऑक्टो., मंगळ.
आज एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. नऊपैकी चौघींच्या कमरा दुखऱ्या. उष्ट्रासनात हात कमरेवरच ठेवायला लावले. ब्रीजिट : "हे काय, आज उंट आजारी?" सगळ्या हसल्या.
टॉम नोरीनची चटई न्यायला आला. शिऱ्याबद्दल आभार मानले.
"टॉम, पाच मिनिटं आहेत?"
"रविवारी ये ना चहाला. आत्ता अंधाराआधी मागची पायरी घासायचीय."
मी हो म्हणाले. चटई गुंडाळून दिली.
सतीशला सांगितलं नाही. रविवारी जाईन, सांगेन. आज तरी असं वाटतंय.