सुतकातली मालिका

१८ मार्च
पेडण्याच्या हॉटेलात इंग्रजीतून मुलाखत — सपशेल नापास! प्रश्न सगळे कळले, उत्तर एकही फुटेना. वर्षभर रोज रात्री आठ वाजता ती इंग्रजी मालिका बघते — दोन बहिणींची खानावळ, नि दोघींचा अबोला — ती काय उगाच? पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणाले. दया आली असावी. लग्नापासून घरात बसलेय, आता पुरे. मला ही नोकरी हवीच आहे.

१९ मार्च
दत्तप्रसाद म्हणतो, तुझे कान शिकले, तोंड कधी शिकणार? नवरा असूनही कधीकधी खरं बोलतो.

३ एप्रिल
शेजारचे गोपाळकाका गेले. सख्खे चुलत सासरे, म्हणजे आम्हांलाही सुतक. बाराव्यापर्यंत टीव्ही बंद. मुलाखत त्याच्या दुसऱ्याच दिवशी! भला माणूस गेला नि मी मेली टीव्हीचा विचार करतेय. लाज वाटली.

६ एप्रिल
सासूबाई काजूबिया फोडत होत्या. मधेच हळूच विचारलं, ती धाकटी थोरलीशी बोलली असेल का गं? मी थक्क! इंग्रजीचं अक्षर येत नाही, मला वाटायचं मालिकेला नुसत्या सोबतीला बसतात. तोंडं बघून अर्धी गोष्ट लावली होती त्यांनी. उरलेली मी सांगायला घेतली, मराठीत. तर म्हणाल्या, "तशी नको. त्यांच्या भाषेन सांग."

७ एप्रिल
सांगितली इंग्रजीत. अडखळले, हातवारे केले. त्या हसल्या नाहीत. नुसतं "फुडे?"

११ एप्रिल
बघितलेले भाग संपले. आता मनानेच रचते. आज थोरलीला तापाने निजवलं. सासूबाई रागावल्या — "तिका कित्याक आजारी पाडलंस?"
म्हणजे कळलं! माझं इंग्रजी कुणाला तरी कळलं!

१५ एप्रिल
मुलाखत. समोरच्या बाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. मनात सासूबाईंना पुढ्यात बसवलं नि सुरू झाले. शेवटी त्या बाईंनाच मला थांबवावं लागलं.

१६ एप्रिल
लागली नोकरी! पण पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. मालिका बुडाली.
सासूबाईंनी आजवर रिमोटला हात लावला नव्हता. संध्याकाळी दत्तप्रसादला चॅनलचा आकडा विचारून पाठ करत होत्या. मला म्हणाल्या, "आता रोज मी बगतलंय. रात्री तू इलंस काय तुका सांगतलंय."