बोगद्यातली शीळ

सोमवार, ३ ऑगस्ट
सगळ्यात आधी कोण आलं, तर नोरीन पास्को! सिनेमावाले अजून ट्रकमधून उतरलेही नव्हते, तर ही शेजारीण लिपस्टिक लावून कुंपणाशी हजर. मी हसले तिला. मग हळूच आत जाऊन मीही लावली. ब्याऐंशीव्या वर्षी!

पहिल्या महायुद्धातल्या लढाईचा सिनेमा आहे. आपल्या क्वीन्सलँडचे खाणवाले शत्रूच्या खंदकाखालून बोगदे खणत गेले होते, त्यांचा. माझे बाबा त्यातलेच. पण परत आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी नऊ वर्षांची असताना गेले. फोटो आहे, पण आवाज काही केल्या आठवत नाही.

दिग्दर्शक गॅविन म्हणाला, "आजी, तुम्ही सैनिकाची आई. गाडी सुटताना रुमाल हलवायचा, बस." बाबांच्या सिनेमात मी!

मंगळवार, ४
घरीच सराव केला. रुमाल हलवून हलवून हात दुखतोय. कुत्रा घाबरून पलंगाखाली.

बुधवार, ५
माझं शूटिंग सहा वेळा घेतलं. सहाही वेळा मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. "आजी, पोरगा लढाईला चाललाय, लग्नाला नाही!" सातव्यांदा छान रडले, तर वाऱ्याने माझी टोपी उडाली. राहिलेलं उद्या.

गुरुवार, ६
काय ही माझी जीभ! आधी बोगद्यातलं काम होतं. मला बाहेर बाकावर गप्प बसवलेलं. सैनिक झालेला लॅकलन, देखणा पोर, कुदळ मारता मारता चक्क शीळ घालायला लागला. जमिनीखाली शीळ! त्याने खडक जागा होऊन अंगावर कोसळतो, हे आमच्या खाणवाल्यांच्या घरांत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तोंडून निघूनच गेलं – "ए गाढवा, तोंड मीट! सगळ्यांना मारशील!"

सगळं ठप्प. लाकडाचा बोगदा, वर थर्माकोलचा खडक. तो काय डोंबल जागा होणार!

"आजी, तुम्ही घरी जा आता," गॅविन म्हणाला. माझा रुमाल नोरीनला दिला.

शुक्रवार, ७
नोरीनचं पहिल्या फटक्यात झालं. कुंपणावरून ओरडून सांगितलं – "थेल्मे, मला तर काहीच अवघड गेलं नाही बाई!" ऐकता ऐकता ओव्हनमध्ये चहाबरोबरचे माझे स्कोन करपले.

रविवार, ९
दारात गॅविन आणि लॅकलन. वाटलं, उरलेली बोलणी ऐकवायला आलेत. चहा ठेवला, करपलेले स्कोनच पुढे केले. लॅकलनने तीन खाल्ले, शहाणा पोर.

गॅविन म्हणाला, "आजी, तुमचं ते ओरडणं सिनेमात हवंय. अंधारातून कोणीतरी ओरडतं, तोंड दिसत नाही. नीट रेकॉर्ड करायला परत येतो."

"अरे, पण सैनिकांत बाईचा आवाज?"

लॅकलन खाली बघून हसला. "रागावू नका आजी. आम्हाला वाटलं, कोणी मिशीवाला बाप्या ओरडला."

मिशीवाला! आणि मी लिपस्टिक लावून बसलेली.

सोमवार, १०
सकाळी कपबशा विसळताना सराव म्हणून ओरडून बघितलं. हातातली बशी हातातच राहिली.

लहानपणी एकदा मी घरात शीळ घातली होती. तेव्हा बाबा अस्सेच ओरडले होते. हाच आवाज!

परत ओरडले. परत ऐकला.

बुधवारी रेकॉर्ड करायला येतो म्हणालेत सिनेमावाले.