मोहाखालचा जाळ

कारंजा (घाडगे)
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
कोकिळाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. फोनवर मी ओरडते, तुम्ही तिकडून नुसतं हॅलो हॅलो करता, अन् आजूबाजूच्यांले वाटते वनपाल बाई कोणाले तरी झापून राह्यली. कानाची मशीन डब्यात ठेवून काय तिचं लोणचं घालता? जाऊ द्या, पत्रच बरं.

इकडे वणव्याचा सीझन लागला. आगीवर ठेवायले यंदा मजूर कमीच दिले. पाचोळा उडवायच्या दोन मशिनी आहेत, एक चालते अन् एक खोकते. जंगलातून रस्त्यासारखा पट्टा साफ करून आम्ही आधीच जाळून ठेवतो, आग तिथवर यावी अन् अडावी म्हणून. त्याले जाळरेषा म्हणतात. ती काल पुरी झाली अन् आज पाहाले गेली तं सागाच्या पानांनी अर्धी झाकलेली. डोमाजी, माझ्या टोळीचा मुकादम, आत्याच्या गावचा, टेंभरीचाच आहे, तो म्हणे की मॅडम, हे लेकराचं नाक पुसल्यासारखं आहे, पुसलं की वाहते. सगळी टोळी हसली. मलेही हसू आलं, पण घरी येऊन वाटलं की गडी खरंच बोलला.

एक गोष्ट तुम्हाले सांगते म्हणत होती. टेंभरीत आग कशी लागते तुम्हाले माहीत आहे. मोहाची फुलं पाचोळ्यात पडली की वेचता येत नाईत, म्हणून जो तो आपल्या मोहाखाली काडी लावते. झाड जंगलाचं, पण कोणता मोह कोणाच्या घरचा हे पिढ्यांपासून ठरलेलं. गुन्हा लागेल म्हणून लोक भर दुपारी लपून लावतात अन् पळतात. आग मांगं एकटी राहते, मग वारा तिले डोंगरावर नेते. यंदा मी गावात बसून सांगतलं, लपू नका. सकाळी, वारा सुटायच्या आधी, माझी टोळी येईल, तुमच्यासमोर तुमच्या मोहाखालचं जाळेल अन् विझवूनच निघेल. प्रत्येक घराले दिवस ठरवून दिला. आपला दिवस येईपर्यंत कोणी काडी लावायची नाई. हे कायद्यात बसत नाई, म्हणून साहेबांच्या कानावर घातलं नाई अन् कागदावर तं कुठंच नाई.

सर्वात आधी आपली मनकर्णाआत्या हौ म्हणाली, अन् माझ्या मोहाखालची आग बाहेर जाऊ देणार नाई असा शब्दही दिला. तिनं म्हटलं म्हणून बाकीच्या बायांनी म्हटलं. तिचा मोह पार डोंगराच्या पायथ्याशी, म्हणून तिचा दिवस शेवटी ठेवला. तं मले म्हणे, भाची साहेबीण झाली अन् आत्याले शेवटच्या पंगतीत बसवते!

तुमची मेथी कशी आहे? उन्हात वावरात बसत जाऊ नका. लोभ पाठवत राहा, उन्हाळा लांब आहे.

तुमची,
कोकिळा

वडनेर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. कोकिळास,
बापाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. लहानपणी चुलीत काडी सारायले सांगतलं तं घर डोक्यावर घेत होती, अन् सरकारनं तुलेच आगी विझवायले ठेवलं. सरकारचं डोकं काही समजत नाई बाप्पा.

मेथी पिवळी पडली. वांगी आहेत, पण विहिरीचं पाणी तळाले गेलं. त्याचं काही लिहित नाई, लिहून पाणी वाढत नाई.

तुझी व्यवस्था चांगली वाटते अन् वाटत नाई. कागदावर नाई ते काम निभलं तं सगळ्यांचं, अन् बिघडलं तं तुझं एकटीचं. तुया बापाले सातवीच्या वर काही येत नाई, पण इतकं समजते.

मनकर्णाबाईची काळजी नको करू. माय मेली तेव्हा मी रांगत होतो. मले तिनं कडेवर वाढवलं. तिच्या लग्नात मी तिचा पदर सोडला नाई, रडून रडून मांडव डोक्यावर घेतला, तं सासरच्यांनी नवरीसंगं मलेही गाडीत घातलं. दोन वर्सं मी बहिणीच्या सासरी जेवलो. अशी बाई आहे ती. एकदा शब्द दिला की जीव गेला तरी हलणार नाई. तू थांब म्हटलं ना, तं ती थांबेल.

जेवण वेळेवर करजो. ढाब्यावरचं तिखट खाऊ नको. आमचा आशीर्वाद आहे, तो सावलीसारखा संगं राहो.

तुझा,
बाबा

वडनेर
२४ मार्च २०२५

चि. कोकिळास आशीर्वाद.

भाजीच्या गाडीवाला कारंज्यावरून आला, तो म्हणते टेंभरीच्या मांगचा डोंगर जळला अन् माणसं भाजली. कोणती माणसं ते त्याले माहीत नाई. तुले फोन लावला, तू काही तरी बोलली, रडल्यासारखं वाटलं, मले शब्द समजला नाई. मशीन कानात घालून पुन्हा लावला तं लागला नाई.

मनकर्णाबाई कशी आहे तेवढं लिही. बाकी मांगून लिहिलं तरी चालेल.

बाबा

कारंजा (घाडगे)
२७ मार्च २०२५

ती. बाबांस,
कोकिळाचा नमस्कार.

आत्या जिवंत आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, भुवया गेल्या, पण बोलते. जेवते. डोमाजी नागपूरच्या दवाखान्यात आहे, अन् त्याचं डॉक्टर काही चांगलं सांगून नाई राह्यले.

कसं झालं ते सगळं लिहिते. होळी झाल्यावर पलीकडच्या डोंगराले मोठी आग लागली. आमची सारी टोळी तिकडे लागली, पोट्टे तिथंच झाडाखाली झोपत, तिथंच चिवडा खात. त्यातच आत्याचा दिवस आला. टोळी येऊ शकत नाई, असा निरोप मी तिले पाठवायचा होता. मी विसरली. बाबा, दुसरं काही कारण नाई, मी विसरली.

ती सकाळी सकाळी मोहाखाली जाऊन बसली. कोणी आलं नाई. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसली. फुलं पडायले लागली होती अन् गुरं येऊन खाऊन जात होती. मग तिनं आपल्या हातानं पाचोळा गोळा केला, नाल्यातून दोन घागरी पाणी आणून ठेवलं, अन् काडी लावली. सकाळचीच वेळ होती, तिनं काही आडमुठेपणा केला नाई. वारा त्या दिवशी लवकर सुटला, इतकंच. दोन घागरींनी काय होते? पलीकडे आमची जाळरेषा होती, पण तिच्यावर गुडघ्याएवढा पाचोळा साचलेला, आग जशी सडकेवरून चालत जावी तशी पार झाली.

दुसरा कोणी असता तं पळाला असता. इथं सगळेच पळतात. आत्या पळाली नाई. डहाळी तोडून आगीले झोडपत उभी राह्यली, कारण तिनं मले शब्द दिला होता की मोहाखालची आग बाहेर जाऊ देणार नाई. आम्हाले समोरच्या उतारावरून धूर दिसला अन् धुरात तिचं लुगडं दिसलं. डोमाजी सर्वात जवळ होता. तो धावत गेला, तिले नाल्यात ढकललं, अन् मांगचं गवत पेटून त्याच्यावर आलं. आम्ही पोचलो तेव्हा तो चालत होता. मले म्हणे की मॅडम, आजीचे हात पाहा. आपल्या पाठीचं त्याले समजलंही नव्हतं.

ती पळाली असती तं कोणाची आग हे कोणाले कळलं नसतं, अन् डोमाजी आज घरी असता. हेच डोक्यात फिरून राह्यलं. मले झोप नाई, रागही येत नाई, काही येत नाई.

तुम्ही येऊ नका, इकडे ऊन फार आहे. माया असू द्या.

कोकिळा

वडनेर
१ एप्रिल २०२५

चि. कोकिळास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. डोमाजीसाठी देवाजवळ दिवा लावला. त्याच्या घरच्यांले सांग की वडनेरचा एक म्हातारा त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे.

आता ऐक. गाडीवाला म्हणते की मनकर्णाबाईवर गुन्हा लागून राह्यला. मले पटलं नाई, कारण लिहिणारी तू आहे. पोरी, दरवर्षी इतके डोंगर जळतात, तुम्ही लोक अज्ञात इसम म्हणून लिहिता अन् फाइल बंद करता. मीच तुया तोंडून ऐकलं आहे, तेव्हा मले ऐकू येत होतं. मंग यंदाच अज्ञात इसम कुठं गेला? उभ्या जन्मात मी तुले काही मागतलं नाई. हे मागतो.

अन् लिहायचंच असन तं सारं लिही. तिले थांब कोणी म्हटलं? दिवस कोणी दिला? येतो म्हणून कोण आलं नाई? एकीचं नाव लिहायचं अन् दुसरीचं गाळायचं, हे तुले कोणी शिकवलं? मी तं नाई शिकवलं.

राग आला असन तं येऊ दे. बापच आहो.

बाबा

कारंजा (घाडगे)
९ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
नमस्कार.

डोमाजी गेला. नागपूरहून गाडीत आणला. टेंभरीच्या लोकांनी खांदा दिला, माझ्या टोळीच्या पोरांनी दिला. आत्याही आली होती, हातांच्या पट्ट्या छातीशी धरून लांब उभी होती. तिले कोणी काही म्हटलं नाई अन् तिच्याजवळही कोणी गेलं नाई.

तुमचं पत्र मी उशाले ठेवलं होतं. अज्ञात लिहायचं मी जवळपास ठरवलंच होतं, खरं सांगते. मग डोमाजीची बायको आनंदाबाई मले म्हणाली की मॅडम, हा कोणाच्या जाळात गेला? तिले माहीत होतं. सगळ्या टेंभरीले माहीत आहे. तरी तिनं मले विचारलं, तिले माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्या बाईच्या समोर बसून मी अज्ञात इसम कसं म्हणू? नाई म्हणवलं. आत्याचं नाव सांगतलं, अन् दुसऱ्या दिवशी लिहिलंही.

नातं आहे म्हणून आत्याचं बयाण साहेबांनी घेतलं. मले बाहेर व्हरांड्यात बसवलं. आत ती काय बोलली मी विचारलं नाई, माझी हिंमत झाली नाई. बाहेर आली तं तिनं मले फक्त विचारलं की काऊन गं, तोंड सुकलं तुझं, खाल्लं नाई काय.

तुम्ही विचारता ते मी लिहिलं काय? नाई लिहिलं. लिहिलं तं ज्यांच्या मोहाखाली माझ्या टोळीनं जाळलं त्या सगळ्या घरांवर गुन्हे लागतील, टोळीतल्या पोट्ट्यांचं काम जाईल, मीही घरी बसेन. असं मी स्वतःले समजावलं. पण बाबा, खरं इतकंच आहे की मी भेली. नोकरीले भेली.

अन् एवढं करून वाचलं काय? लोक पुन्हा लपून लावून राह्यले. आता मॅडमवर कोण भरवसा ठेवते? काल तीन जागी धूर होता. आम्ही एक विझवतो तं मांगं दुसरी लागते. पोट्टे डहाळ्या घेऊन चालतात, डोमाजी नाई तं हसवायले कोणी नाई. पुढच्या वर्षीही असंच होईल, त्याच्या पुढच्याही वर्षी. डोंगर काळा आहे, अन् त्या काळ्यावर मोहाची फुलं पडून राह्यली. वेचायले सोपी झाली, अन् बाया वेचून राह्यल्या. त्यांचं तरी काय चुकलं.

माफ करा म्हणत नाई. पत्र लिहा.

कोकिळा

वडनेर
१८ एप्रिल २०२५

मा. वनपाल मॅडम,
कारंजा (घाडगे) यांस

विषय : मनकर्णाबाई, राहणार टेंभरी, हिचे बयाण पुन्हा घेण्याबाबत.

महोदया,

विनंती अर्ज करतो की, मी दिनांक १४ रोजी एसटीने टेंभरीस जाऊन आलो. अर्जदाराला ऐकू येत नसल्याने त्याची बहीण नेहमी साऱ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलते. या वेळी तिने दार लावून घेतले आणि अर्जदाराच्या कानाशी तोंड आणून सांगितले.

साहेबांनी तिला फिरफिरून विचारले की, बाई, तू आपल्या मनाने काडी लावली, की तुला कोणी काही सांगितले होते? तिने सांगितले की मला कोणी काही सांगितले नव्हते, दिवस ठरला नव्हता, कोणी येणार नव्हते, वनपाल बाईला यातले काही माहीत नाही. माझ्या बहिणीने उभ्या जन्मात बोललेले हे पहिले खोटे आहे. बयाणावर तिचा अंगठा घेतला आहे. अंगठ्याची कातडी जळाल्यामुळे त्यावर रेघा उमटल्या नाहीत, नुसती शाई उमटली. तो कागद साहेबांना चालला.

मी तिला म्हटले, चल, साहेबाला खरे सांगू. ती हलत नाही. म्हणते, एकाच घरच्या दोघी कशाला जळू द्यायच्या, माझे तं झालेच आहे, पोरीची नोकरी राहू दे. मी रागावलो, रडलो, तिचा पदर धरला. ती ऐकत नाही.

म्हणून हा अर्ज. माझ्या मुलीला मी मागून पाहिले, आता सरकारला मागतो. आपण कागद घेऊन टेंभरीस यावे आणि तिचे खरे बयाण लिहून घ्यावे. आपल्याला दारात पाहून ती आधी जेवायला वाढायला उठेल. तिला ताट धरता येत नाही, तरी उठेल. आपण जेवून मग लिहावे, की लिहून मग जेवावे, हे आपणच ठरवावे.

लोभाचे या वेळी लिहिता येत नाही. कळावे.

अर्जदार,
बापूराव निकोडे
रा. वडनेर