सासूबाईंचा वर्ग, माझी डिग्री

३ जून

आज शेवटी सरकारी कॉलेजात चौकशीला गेले. चौकशी कसली — नुसती धक्काबुक्की! तीन खिडक्या, तिन्हींपुढे गर्दी, आणि मी आधी भलत्याच रांगेत. दुकानात जाता-येता त्या भिंतीकडे इतकी वर्षं बघतेय, आत पाऊल मात्र आज टाकलं.

खिडकीतल्या बाई घाईत. "काय हवंय? सर्टिफिकेट, डिप्लोमा की डिग्री?" म्हटलं, चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यातलंच काहीतरी शिकायचंय. त्यांनी एका दमात सांगून टाकलं — भिंगं घासून बसवायचं सर्टिफिकेट, सहा महिने, संध्याकाळी. मोजमापं आणि चष्मे तयार करायचा डिप्लोमा, दोन वर्षं, सकाळी. डोळे तपासायची डिग्री, चार वर्षं, पूर्ण वेळ. "पण ती इथे नाही हां. डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात आपली शाखा आहे, तिथे." म्हणजे दुसऱ्या शहरात. रात्रभराचा प्रवास. हॉस्टेल.

मी झटकन म्हटलं, सर्टिफिकेट द्या. भाजी घेतल्यासारखं!

सासूबाई सोबत आल्या होत्या, घरी एकट्या कंटाळतात म्हणून. मागे वळून बघते तर खुर्ची रिकामी. तिसऱ्या खिडकीशी उभ्या! "मोठ्या माणसांसाठी वर्ग आहे म्हणे. वाचन, हिशेब, अर्ज लिहिणं. मी नाव दिलं."

"आई, सत्तरीत?"

"मग काय ऐंशीत देऊ?"

त्या वर्गाला ना डिग्री, ना सर्टिफिकेट. नुसता हजर राहिल्याचा दाखला. त्यांना ते फारच आवडलं. "म्हणजे नापास व्हायची सोयच नाही!"

४ जून

सर्टिफिकेट का म्हटलं मी? दिवसभर तेच. गिऱ्हाइकाला दोनदा दुसऱ्याचाच चष्मा दिला.

२१ जून

वर्ग सुरू. भिंग घासायच्या चाकाचा आवाज अजून दातांत बसलाय. सर उंच, वाकलेले, बोलतात पुटपुटत. वर्गात मी सगळ्यांत थोराड. एकोणचाळीस म्हणजे काय फार नाही — पण त्या बाकावर फार वाटतं.

सासूबाईंची शिक्षिका त्यांची नात शोभेल एवढी. येताना रस्ताभर तक्रार — "ती म्हणते तीन चतुर्थांश. अगं, पाऊण म्हण की!"

७ जुलै, रविवार

आज त्याचा फोन. दर रविवारी येतो, आईला. मी तेवढा वेळ गॅलरीत.

नवरा गेला आणि सासू राहिली. लोकांना हे गणित सुटत नाही. मलाही रोज सुटतंच असं नाही. तो नोकरीला म्हणून परदेशी गेला, तिथेच दुसरा संसार थाटला. मी माहेरी जायची बॅग भरली होती तेव्हा सासूबाई तापाने फणफणल्या होत्या. बऱ्या होईपर्यंत थांबू म्हटलं. अजून थांबलेच आहे!

फोन झाला की सासूबाई नेहमी सांगतात — "तुझी चौकशी करत होता." तो करत नाही. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण आज गंमत झाली. गॅलरीपर्यंत ऐकू आलं — "आज जास्त बोलायला वेळ नाही रे, माझा गृहपाठ राहिलाय." आणि फोन ठेवला! मी पदर तोंडात कोंबून हसले.

१४ ऑगस्ट

दुकानात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून नवा चष्मा केला होता, तरी जमेना. माझा हात धरला. "खरं सांगा, माझी नजर जातेय का?"

मला काय ठाऊक! मला फ्रेम दाखवता येते. मी म्हटलं, ही गोल फ्रेम तुम्हाला छान दिसेल. काय बोलले मी! त्यांनी हात सोडला आणि खरंच ती फ्रेम लावून आरशात पाहिलं. माझ्या समाधानासाठी.

मालक म्हणाले, "आपण चष्मे विकतो बाई, डॉक्टर व्हायचं नाही." बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच राग आला.

१६ ऑगस्ट

सरांना विचारलं — दोघांना एकाच नंबरचा चष्मा, एकाचं डोकं दुखतं, दुसऱ्याचं नाही. असं का? सरांनी चाक बंद केलं. "हा प्रश्न सर्टिफिकेटचा नाही. डिप्लोमाचाही नाही." मग — "तुम्ही इथे काय करताय?"

घरी आले ती तीन फेऱ्या मारून — वाण्याकडे, औषधाच्या दुकानात, परत वाण्याकडे. काहीही आणायचं नव्हतं.

२ ऑक्टोबर

सासूबाई अपूर्णांकांवरून रडल्या. खरंखुरं. वही आपटली. "या वयात माझा अपमान करून घ्यायची हौस कुणी सांगितली होती!" मी म्हटलं, सोडून द्या ना आई, कोण विचारणार आहे. तर माझ्यावरच उसळल्या — "तुला सगळं सोडूनच द्यायला सुचतं!"



२८ डिसेंबर

सर्टिफिकेट हातात. जाड कागद, शिक्का, नाव बरोबर लिहिलंय. मालकांनी दुकानात पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. मला काहीच वाटलं नाही! नवी चप्पल घालून पुन्हा त्याच रस्त्याने चालल्यासारखं.

९ जानेवारी

डिग्रीच्या प्रवेशपरीक्षेला अर्ज केला. कुणाला सांगितलं नाही. नुसती परीक्षा तर द्यायचीय. कोण जातंय!

१७ मार्च

परीक्षा झाली. सासूबाईंना सांगितलं, दुकानात माल मोजायचाय. खोटं बोलताना जीभ अडखळली. त्यांनी डबा भरून दिला.

पेपर बरा गेला. बरा म्हणजे — चांगला गेला.

१० एप्रिल

बसवत नाही. कपाट आवरलं. परत आवरलं. पलंग खिडकीकडे ओढला, मग जागेवर.

सासूबाई — "तुझ्या अंगात काय शिरलंय?"

"उकडतंय."

२६ मे

लागला नंबर! कॉलेजच्या फळ्यासमोर उभी राहून स्वतःचं नाव तीनदा वाचलं. सर भेटले. पुटपुटले, "जाताय ना?" मी मान हलवली. हो की नाही, त्यांना कळलं नसेल. मलाही नाही.

२७ मे

बरणीचं झाकण कोण उघडणार? त्यांच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार? आजारी पडल्या तर? रविवारी फोन ठेवल्यावर त्या जे खोटं सांगतात, ते ऐकायला कोण?

पुढच्याच ओळीत खरं लिहिते. मलाही भीती वाटतेय. विशीतल्या मुलींबरोबर हॉस्टेलात! सासूबाई आहेत म्हणून माझं बरं चाललंय — नाही म्हणायला कारण आयतंच.

३१ मे

ठरलं. जाणार नाही. डिप्लोमा करीन. इथेच, सकाळचा. मालकांना सांगून दुपारचं काम घेईन. सगळं नीट बसतं.

१ जून

ठरलं म्हणून शांत वाटायला हवं ना? सकाळपासून दोन कप फोडले.

५ जून

सांगून टाकलं. ठरवून नाही. सासूबाई चहा गाळत होत्या आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं — "आई, मला डिग्रीला जागा मिळाली होती. तिकडे. मी जात नाहीये."

गाळणी तशीच हातात. "कधी मिळाली?"

"झाले थोडे दिवस."

"आणि परीक्षा?"

"मार्चमध्ये. माल मोजायचा होता म्हटलं ना, तेव्हा."

गाळणी खाली ठेवली. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि निघून गेल्या. चहा दोन्ही कपांत निवला.

संध्याकाळी आल्या. कुठे होतात विचारलं, तर म्हणाल्या, "वर्गाला." आज त्यांचा वर्गच नव्हता.

७ जून

बोलत नाहीत. म्हणजे बोलतात — मीठ दे, दार लाव. बाकी काही नाही. मी जाणार नाही म्हटलं तरी राग? की आधी सांगितलं नाही याचा? विचारायला जाते आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरते.

खिडकीतल्या बाईंनी निरोप पाठवलाय — जागा घेणार की सोडणार, लेखी कळवा. कागद घेऊन बसले. "सोडत आहे" एवढं लिहायला हात चालेना.

८ जून, रविवार

त्याचा फोन. आज सासूबाईंनी दार लावून घेतलं! कधी लावत नाहीत. बराच वेळ आतून बोलण्याचा आवाज. आवाज चढला, मग बसला.

बाहेर आल्या. डोळे लाल. "तुझी चौकशी करत होता" — आज तेही म्हणाल्या नाहीत.

त्याच्याकडे निघाल्या की काय? मी सोडून जाणार ही धास्ती घेऊन लेकाच्या दारात उभ्या राहणार? उद्या सकाळी पहिलं काम — डिग्री सोडल्याचं लिहून देते. आजच द्यायला हवं होतं.

९ जून

पोचले तर खिडकी बंद. कर्मचाऱ्यांची सुट्टी म्हणे. कागद परत आणला. तिथेच फाडावा की घडी करून ठेवावा — हेही ठरेना!

११ जून

दुकानातून आले तर दारात एक ट्रंक, गादीची वळकटी आणि एक बुजलेली मुलगी. बेकरीत काम करते, सासूबाईंच्या वर्गात असते. आतापर्यंत एका खोलीत पाचजणींत राहत होती म्हणे.

सासूबाईंनी माझ्या खोलीचं दार सताड उघडलं. "ही आता इथे राहील. माझ्या सोबतीला. तू सुट्टीला आलीस की बाहेरच्या खोलीत झोपायचं."

कपाटातून माझ्या साड्या काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या — "त्यालाही रविवारी सांगून टाकलं. म्हटलं, तुम्हा दोघांची खोली देऊन टाकली. आता परत यायचं म्हणालास तरी जागा नाही. इतकी वर्षं त्याची वाट बघत रिकामी ठेवल्यासारखीच होती ती — तू आत असून."

"आई —"

कपड्यांचा ढीग माझ्या हातात. "रड नंतर. आधी घड्या घाल."