आधी समोरच्याची बाजू

ती. आई,

नमस्कार. मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय.

आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रकांची फार वर्दळ असते, त्याचं बोलायला मी ट्रकवाले, दुकानदार आणि मुलांच्या आया यांना एका खोलीत बसवलं. कुणी कुणाचं तोंड बघायला तयार नव्हतं. मग आम्ही भावंडं भांडलो की तू लावायचीस तोच नियम लावला: आधी समोरच्याची बाजू सांगायची, मग आपली. एक ट्रकवाला एका आईच्या जिवाला लागलेला घोर सांगता सांगता स्वतःच शाळा सुटायची वेळ विचारू लागला. आता शाळा सुटायच्या वेळी ट्रक येणार नाहीत, सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

लोक माझं कौतुक करत होते. मी सांगून टाकलं, नियम आईचा आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? दादाचा माझ्याशी अबोला अजून तसाच का? रविवारी त्याला फोनजवळ बसव. त्याची बाजू आधी मी सांगेन.

तुझीच,
धाकटी