जो आधी हसेल

१४ तारीख, रविवार दुपार

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. आई विचारत होती, तू हल्ली रविवारीही का येत नाहीस. मी म्हटलं, आराम हवा असेल. हे अगदी खोटं नाही, पण लिहिताना खरंही वाटत नाहीये.

कागदावर लिहितेय, कारण फोनवरच्या मजकुराचे फोटो निघतात आणि फिरतात. बाकीचे नियम तुला सांगितले, हा राहिला.

आठवतं ना, आपल्या कवळ्यांच्या लॅबच्या ग्रुपमध्ये तुला घेतलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी धडे दिले होते? वाक्याला पूर्णविराम द्यायचा नाही, रागावल्यासारखं वाटतं. तू म्हणालीस, "मग थांबायचं कुठे, दम लागेल तिथे?" नुसता अंगठा पाठवायचा नाही, समोरच्याला झटकून टाकल्यासारखं होतं. "बरोबरच आहे. अंगठा उठवायला का शिकलो आपण?" कवटी पाठवली की हसून मेलो असा अर्थ. "मेल्यावर हसतं कोण गं?" मी इतकी हसले की मेण कोरायची सुरी हातातून पडली. तेव्हा मी तुझ्याबरोबर हसत होते, तुला नाही. एवढं मान.

सगळ्यात मोठा नियम कोणी सांगत नाही, बघून शिकावा लागतो. ज्याची टर उडतेय त्याची बाजू घ्यायची नाही. घेतली की पुढचा नंबर आपला. गप्प बसूनही सुटका नाही. कोण हसलं नाही ते आपला साचे ओतणारा प्लास्टरवाला बरोबर हेरतो.

आता चिठ्ठ्यांबद्दल. त्या पेशंट आजोबांच्या जबड्याच्या साच्यावर दुसऱ्या पेशंट आजींच्या नावाची चिठ्ठी आणि आजींच्या साच्यावर आजोबांची, हे मी केलं होतं. तुला माहीत होतं. कवळ्या तयार होऊन गेल्या, आजींच्या तोंडात आजोबांची कवळी मावेना, डॉक्टर मालकांवर ओरडले आणि मालकांनी ग्रुपवर विचारलं, कोणी केलं? सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. तिथला पहिला धडा होता, चुकलं की कोणी विचारायच्या आत हात वर करायचा. मी फोन टेबलाखाली धरून बसून राहिले. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि लिहायला लागलीस.

"सर्वांना नमस्कार. चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली. त्या आजींना आठ दिवस पातळ खाऊन राहावं लागेल याचं फार वाईट वाटतं. क्षमस्व. आपली विश्वासू."

पाच पूर्णविराम.

प्लास्टरवाल्याने लिहिलं, "आत्याबाई, हा अर्ज आहे की शोकसंदेश?" दोन कवट्या आल्या. मग तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "भाचीबाई गप्पशा?"

तो स्टिकर मी केला, आत्या. तुला वाटतं त्याने केला. तुझा सहलीतला डोळे मिटलेला फोटो फक्त माझ्याकडे होता, हे तुझ्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तू बोलली नाहीस? खाली "क्षमस्व. आपली विश्वासू." तीन मिनिटं लागली. अठरा कवट्या. तेव्हापासून मला कोणी काही म्हणत नाही. स्टिकर डॉक्टरांच्या ग्रुपवरही गेला. मालक म्हणाले, गिऱ्हाइकंच हसायला लागली तर माणूस ठेवायचं कसं? एकोणीस वर्षांनी तू डबा आणि चष्मा घेऊन निघालीस. जाता जाता माझ्या टेबलावर सांडलेलं मेण पुसून गेलीस.

ज्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही.

गुरुवारी नदीपलीकडच्या लॅबमधून तुझ्या चौकशीचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावून तो माझ्यापुढे ठेवला. "तुझीच आत्या. तूच सांग." पलीकडच्या बाई फार चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "आम्हाला त्या हव्याच आहेत हो. फक्त ते चिठ्ठ्यांचं काय झालं होतं, तेवढं विचारावं म्हटलं." सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. "ती चूक माझी होती," एवढं बोललं की झालं असतं. मी म्हटलं, "हल्ली होतं त्यांच्याकडून असं. वय झालं ना." आणि हसले. सगळ्यांच्या आधी.

तेव्हा तिकडून फोन येईल म्हणून थांबू नकोस.

तू खरं काय ते सांगितलंस तर मी नाकारणार नाही, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. त्या वेळी मी काय करेन ते मला माहीत नाही, आणि तुला खोटं वचन द्यायला हात धजत नाही. माफीही मागत नाही. मागितली तर तू करशील, आणि सोमवारी मी हलक्या मनाने कामावर जाईन. कालपासून तुझी खुर्ची मला दिली आहे.

आईला यातलं काही माहीत नाही. तू सांगणार नाहीस, याची मला खात्री आहे. त्याच खात्रीवर माझं सगळं चाललंय.

तुझीच,
भाची